सगळ्यांना सारखंच: लेटरकेनीतले साडेपाच महिने

आम्ही आयर्लंडला तीन आठवड्यांसाठी गेलो आणि साडेपाच महिने राहून आलो. अकोल्यात परतल्यावर जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलं? दोन हजार वीसचा फेब्रुवारी संपता संपता गेलो होतो असं सांगितलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. म्हणतो, अरेरे, मग काहीच पाहता आलं नसेल. मी त्यावर वाद घालत नाही. आता वर्ष उलटलंय, तेव्हा जे पाहिलं ते एकदा लिहूनच काढतो.

आमची मुलगी मुक्ता लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे. लेटरकेनी म्हणजे देशाच्या पार वायव्य टोकाला, डोनेगॉल नावाच्या काउंटीतलं, म्हणजे जिल्ह्यातलं, सगळ्यात मोठं गाव. मोठं म्हणजे आपल्या मूर्तिजापूरच्या निम्मं. डब्लिनहून तिथे रेल्वे जात नाही, त्यामुळे मुक्ता विमानतळावरून आम्हाला गाडीनेच घेऊन निघाली. वाटेत रस्त्यावरच्या पाट्या अचानक किलोमीटर सोडून मैलांत बोलायला लागल्या. मुक्ता म्हणाली, आपण आता दुसऱ्या देशात, ब्रिटनच्या उत्तर आयर्लंडात आहोत. ना नाकं, ना शिपाई. तासाभराने पाट्या पुन्हा किलोमीटरवर आल्या तेव्हा आम्ही परत आयर्लंडात होतो. हिरव्या टेकड्या, दगडी कुंपणं, पाठीवर निळा-लाल रंग फासलेल्या मेंढ्या, आणि गावाच्या मधोमध उंचावर चर्चचा काळपट टोकदार मनोरा. माझी बायको नलिनी खिडकीला नाक लावून बसली होती.

माझ्याबद्दल एवढं सांगायला हवं की मी बत्तीस वर्षं पुरवठा खात्यात काढली. कारकून म्हणून लागलो आणि निरीक्षण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. रेशन दुकानांची तपासणी, शिधापत्रिका, साखरेचा कोटा, रॉकेलचे टँकर, लग्नासाठी जादा साखरेचे परवाने, हेच माझं आयुष्य. लोकांच्या घरात या महिन्यात काय शिजणार हे बऱ्याच अंशी आमच्या कचेरीतल्या कागदावर ठरायचं, आणि ते काम मी सचोटीने केलं, असं मला आयर्लंडला जाईपर्यंत वाटत होतं.

रिकामी फळी

पहिले दोन आठवडे ठरल्याप्रमाणे गेले. मग एका गुरुवारी दुपारी कोरोनामुळे शाळा बंद झाल्याची बातमी आली आणि संध्याकाळी आम्ही दूध आणायला सुपरमार्केटात गेलो, तर टॉयलेट पेपरची अख्खी गल्ली रिकामी. पास्ता नाही, तांदूळ नाही, हात धुवायचा साबण नाही. पिठाच्या फळीवर नुसती पांढरी पूड सांडलेली. माणसं भांडत नव्हती, ओरडत नव्हती, एकमेकांना सॉरी म्हणत ट्रॉल्या भरत होती. ज्यांच्याकडे मोठ्या गाड्या होत्या त्यांनी मोठ्या ट्रॉल्या भरल्या. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, फळीकडे बघून थोडा वेळ उभे राहिले आणि पावाचं एक पाकीट घेऊन गेले.

तीन दिवसांनी फळ्यांवर चिठ्ठ्या लागल्या: प्रत्येकी दोनच. ती चिठ्ठी वाचून मला परमुलखात पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं. मी नलिनीला म्हटलं, बघ, शेवटी रेशनच कामाला आलं.

"तुमी काऊन इतके खुश होऊन राह्यले?" ती म्हणाली. "मले कणिक भेटली नाई अजून."

कणिक पुढे बरेच दिवस मिळाली नाही. भारतीय सामान सरहद्दीपलीकडच्या डेरी नावाच्या शहरातून यायचं, ते थांबलं. नलिनीने इकडच्या सोडा ब्रेडसाठी असतं त्या जाड्याभरड्या पिठाच्या पोळ्या करून पाहिल्या. त्या पोळपाटावरच फाटायच्या. शेवटी तिने लाटणं ठेवून दिलं आणि थालीपीठ थापायला घेतलं, ते मात्र झकास झालं.

आमचं परतीचं विमान ज्या आठवड्यात होतं त्याच आठवड्यात भारताने विमानं बंद केली. मुक्ता हॉस्पिटलातून आली की मागच्या दाराने थेट न्हाणीघरात जायची आणि वेगळ्या खोलीत जेवायची. आम्ही तिच्याशी दाराच्या चौकटीतून बोलायचो.

दोन किलोमीटर

मार्चअखेर सरकारने जाहीर केलं की व्यायामासाठी घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे जायचं नाही. सत्तरीच्या वरच्यांनी तर घराबाहेरच पडायचं नाही. त्यासाठी त्यांनी 'ककूनिंग' असा शब्द काढला होता, म्हणजे रेशमाच्या किड्यासारखं कोशात राहणं. मी सहासष्ट वर्षांचा होतो, म्हणून सुटलो.

या कोशातल्या म्हाताऱ्यांना सामान कोण पोचवणार? गावच्या फुटबॉल क्लबाने ते अंगावर घेतलं. आमच्या गल्लीची जबाबदारी ब्रीजेट नावाच्या बाईंकडे होती. साठीच्या, निवृत्त शिक्षिका, उंच, कायम पावसाळी जाकीट घातलेल्या, जरी त्या वसंतात तिथे पाऊस पडेचना. मुक्ताने त्यांना सांगितलं की बाबांनी आयुष्यभर हेच काम केलंय. दुसऱ्या दिवशी मी क्लबाच्या हॉलमध्ये मास्क लावून उभा होतो.

तिथे नुसता गोंधळ होता. कोणाला दोन पाव, कोणाला एकही नाही. मी कागद मागितला, घरं लिहिली, माणसं लिहिली, तक्ता आखला. प्रत्येक खोक्यात दूध, पाव, चहा, बटाटे, पास्ता, टोमॅटोतल्या घेवड्याचे डबे, सूपचे डबे, बिस्किटं. माणशी ठरलेलं, सगळ्यांना सारखंच. आठवड्याभरात क्लबाचा हॉल अगदी तालुक्याच्या गोदामासारखा शिस्तीत चालायला लागला. ब्रीजेटबाई म्हणाल्या की असा माणूस आम्हाला आधीच मिळायला हवा होता.

आठवड्यातून एकदा खोकं दारात ठेवायचं, बेल वाजवायची, दोन मीटर मागे सरायचं आणि दार उघडलं की सगळं ठीक आहे ना, असं विचारायचं. प्रत्येक जण म्हणायचा, "ग्रँड." मी घरी येऊन नलिनीला सांगायचो की लोक फार खूश आहेत, भव्य म्हणतात. महिनाभराने हे मी ब्रीजेटबाईंना अभिमानाने सांगितलं, तेव्हा त्या आधी खूप हसल्या आणि मग त्यांनी समजावलं की इथे ग्रँड म्हणजे नुसतं 'चालेल'. पाय मोडला तरी डोनेगॉलचा माणूस ग्रँडच म्हणतो.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात हालिना राहायची. पोलंडची, बहात्तर वर्षांची. पंधरा वर्षांपूर्वी मुलामागोमाग आली, मासळीच्या कारखान्यात आणि मग एका वृद्धाश्रमात साफसफाईचं काम केलं. मुलगा मालट्रक चालवतो. तो जर्मनीत अडकला होता आणि फोनवर रोज बोलायचा. ती दार अर्धंच उघडायची, थँक यू म्हणायची, ग्रँड म्हणायची आणि दार लावून घ्यायची.

चौथ्या खेपेला ती दारात आली तेव्हा मला जाणवलं की तिचा स्वेटर खांद्यांवरून लोंबतोय. महिन्याभरापूर्वी तोच स्वेटर अंगाला नीट बसत होता. दार लागल्यावर मी खिडकीकडे पाहिलं. आतल्या बाजूला, काचेला लागून, घेवड्याचे डबे, सूपचे डबे, पास्त्याची पाकिटं ओळीने लावलेली होती. मोजून पाहिलं. पहिल्या खोक्यापासून एकही डबा फुटलेला नव्हता.

संध्याकाळी मी मुक्ताला सांगितलं. ती दमून आली होती, तरी मास्क लावून गेली, दारातूनच हालिनाशी बोलली, तिचा हात धरून नाडी पाहिली. परत आल्यावर म्हणाली, ताप नाही, खोकला नाही. गेले तीन-चार आठवडे ती चहा आणि पावावर आहे. चालताना भिंत धरते.

"तिला ॲडमिट करायचं का?" मी विचारलं.

"या दिवसांत हॉस्पिटलात तिला मी शक्यतो आणणार नाही, बाबा. पण असंच चाललं तर ती घरात पडेल, हाड मोडेल, आणि मग आणावंच लागेल. तिला औषध नकोय. तिनं जेवायला हवंय."

त्या वेळी मुक्ताच्या वॉर्डातून किती म्हातारी माणसं घरी परत जात नव्हती, ते ती आम्हाला सांगत नसे. पण तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच घडीची खुर्ची घेऊन हालिनाच्या बागेच्या कमरेएवढ्या भिंतीपाशी जाऊन बसलो.

भिंतीच्या अलीकडे

बराच वेळ ती बाहेर आली नाही. मग आली, स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत. दोघांचंही इंग्रजी कामचलाऊ. एका अर्थी ते बरंच झालं, कारण फिरवून बोलायची सोय नव्हती. मी विचारलं की खाणं आवडत नाही का. ती म्हणाली, तुम्ही चांगलं काम करता. मी म्हटलं, ते नाही विचारलं.  त्यावर तिने उलट मलाच विचारलं की मी आधी काय काम करत होतो.

मी सांगितलं. रेशन कार्ड, दुकान, कोटा. तिचा चेहरा पहिल्यांदा उजळला. तिने तर्जनी आणि मधलं बोट कात्रीसारखं चालवून दाखवलं. ती लुब्लिन नावाच्या शहरात सरकारी वाण्याच्या दुकानात काउंटरवर होती. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात लोक कार्डं घेऊन यायचे आणि ती त्यांची कुपनं कापायची. मांसाचं, लोण्याचं, साखरेचं, साबणाचं कुपन. दारूचं आणि सिगारेटचंही. म्हणजे मी ज्या टेबलाच्या एका बाजूला होतो त्याच्या दुसऱ्या बाजूची बाई माझ्यासमोर बसली होती.

तिने जे सांगितलं ते मी जमेल तसं इथे देतो. राजधानीतल्या कुठल्याशा कचेरीत कोणीतरी वर्षाच्या सुरुवातीला ठरवायचं की देशाला किती बूट लागतील, किती साबण, किती लोणी. कारखाने तेवढं बनवायचे, किंवा बनवले असं लिहायचे. दुकानात काय येणार हे दुकानदाराच्या हातात नसे, गिऱ्हाइकाच्या तर मुळीच नसे. लोकांकडे पगार असायचा, पण फळीवर कधी कधी नुसत्या व्हिनेगरच्या बाटल्या. रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं की काय आलंय. त्यालाही माहीत नसायचं. बूट आले तर मापाचे नसले तरी घ्यायचे, कोणाच्या तरी पायाचे असतीलच.

मी म्हटलं, पण रेशन नसतं तर काय झालं असतं? इथे मार्चमध्ये पाहिलं ना आपण, मोठ्या गाडीवाल्यांनी काय केलं ते. ती लगेच म्हणाली की ते खरंच आहे. रेशन नसतं तर माझ्या आईला लोणी दिसलंच नसतं. कार्डाने तिचा वाटा तिला मिळाला, हे ती नाकारत नव्हती. पण तिची आई दारू पीत नव्हती आणि तरी तिला दर महिन्याला दारूचं कुपन मिळायचं. शेजारच्या माणसाला दारू हवी असायची आणि साखर नको असायची. दोघं तिच्या काउंटरपाशी उभे राहून कुपनं बदलायचे. त्या साखरेत आई आलुबुखारांचा मुरंबा करायची.

"नियमाने तुम्हाला चालत होतं ते?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "मी तेवढा वेळ कात्रीला धार आहे का ते बघत बसायचे."

हे ऐकलं आणि मला पार्वताबाई आठवली. तिच्याबद्दल मी कधी कोणाशी बोललो नव्हतो, नलिनीशीही नाही. खात्यात लागून मला चार-एक वर्षं झाली होती. बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात मी अचानक तपासणीला गेलो, तर दुकानाच्या ओट्यावर दोन बायका आपापलं सामान अदलाबदल करत होत्या. पार्वताबाईने तिच्या वाटचं पामतेल दुसरीला दिलं आणि तिचं रॉकेल घेतलं. शिधावस्तूंचा परस्पर व्यवहार. मी पंचनामा केला, दुकानदारालाही त्यात घेतलं, आणि दोघींची कार्डं तीन महिने बंद करवली. पार्वताबाई काही तरी सांगायला लागली होती. मी तिला म्हटलं होतं की जे सांगायचं ते लेखी द्या. तिला लिहिता येत नव्हतं. तहसीलदारांनी माझी पाठ थोपटली आणि मला खरंच वाटलं की मी गरिबांचं रेशन वाचवलं.

हे सगळं मी मोडक्या इंग्रजीत हालिनाला सांगितलं. ती ऐकत होती. शेवटी तिने एकच प्रश्न विचारला.

"त्या बाईला रॉकेल कशाला हवं होतं?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की मला ते माहीत नाही. घरात कोणी अभ्यास करणारं असेल, बाळंतीण असेल, सरपण ओलं झालं असेल. पस्तीस-छत्तीस वर्षांत मला तो प्रश्नच पडला नव्हता.

"मी विचारलं नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली. दोष दिल्यासारखी नाही, ओळखीच्या गोष्टीला हलवावी तशी. मग तीच बोलली. पोलंड सोडताना तिने मनाशी ठरवलं होतं की यापुढे दुसऱ्याने ठरवलेलं खायचं नाही. पहिलं खोकं आलं तेव्हा ते उघडून ती पाहत राहिली आणि तिला वाटलं की ती परत लुब्लिनला आली आहे. मागावं असंही वाटेना. मी जास्त मागितलं तर दुसऱ्या कोणाचं कमी होईल, आणि मी परदेशी बाई. म्हणून ती सगळं ओळीने लावून ठेवत होती. कोणी नेलं तर बरं, असं तिला वाटायचं.

मी खिशातून पेन काढलं. "आता सांगा," म्हटलं, "काय हवंय?"

तिला लगेच सांगता येईना. मग तिने एकेक करून सांगितलं: बीट, शेपू, आंबट साय, पांढरं चीज, भातासारखे शिजवायचे कुट्टूचे दाणे. शेपू म्हटल्यावर मला हसू आलं. शेपूसाठी कोणी झुरत असेल असं आमच्या घरात कोणाला खरं वाटलं नसतं.

गावात पोलिश दुकान होतं, तिथवर मी चालत गेलो. सगळ्या चिठ्ठ्या पोलिश भाषेत. बीट समजून मी लाल किसाची एक बाटली जादा घेतली. नलिनीने ती चटणी समजून थालीपिठाला लावली आणि तिच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहायला लागलं. त्यात मोहरीपेक्षा तिखट, झणझणीत मुळा किसलेला होता. ती दहा मिनिटं बोलू शकली नाही. नंतर मात्र ती बाटली तिने कोणाला दिली नाही.

हालिनाने त्या दिवशी बिटाचं आंबट सार केलं. मुक्ता हॉस्पिटलातून येताना तिच्या खिडकीशी थांबली, तेव्हा तिने रिकामा वाडगा उचलून दाखवला.

पाच किलोमीटर

मी ब्रीजेटबाईंकडे गेलो आणि म्हटलं की माझा तक्ता चुकलाय. त्यांना पटेना. लोक तर ग्रँड म्हणतायत. मी म्हटलं, ग्रँडचा अर्थ तुम्हीच मला सांगितलात. त्या म्हणाल्या, प्रत्येकाची यादी वेगळी करायला आपल्याकडे माणसं कुठेत? ते खरंच होतं. मग मी सुचवलं की यादी नको. खोकं आहे तेच राहू द्या, फक्त प्रत्येकाला फोन करून दोन गोष्टी विचारायच्या: यातलं काय नको, आणि त्याच्या बदली काय हवं. एकाचं नको ते दुसऱ्याला जाईल. मी फोन करतो.

त्या फोनांचं वर्णन करायला वेगळा लेख लागेल. डोनेगॉलचे म्हातारे बोलतात ते इंग्रजीच आहे यावर माझा दोन दिवस विश्वास बसला नाही. एका आजोबांनी मला तीनदा सांगितलं की बिस्किटं 'प्रेस'मध्ये ठेवलीत, आणि मी त्यांना तीनदा विचारलं की कोणत्या वर्तमानपत्रात. प्रेस म्हणजे त्यांच्याकडे कपाट. पण हळूहळू यादी जमत गेली. एका जोडप्याला चहा नको होता, कॉफी हवी होती. एका बाईला दूध पचत नव्हतं आणि चार आठवडे ती ते झाडांना घालत होती. एकाला फक्त कांदे आणि रोजचा पेपर. घेवड्याचे डबे कोणालाच नको असतील अशी माझी खात्री झाली होती, इतक्यात वरच्या गल्लीतले पंच्याऐंशीचे एक गृहस्थ म्हणाले की त्यांना दुसरं काहीच नको, घेवडा द्या. हालिनाच्या खिडकीतले घेवड्याचे सगळे डबे पुसून त्यांच्या घरी गेले.

सगळं काही जुळलं असं नाही. एकीने मला झापलं की जे येतं ते येऊ द्या, उगाच विचारू नका. एकाने व्हिस्की मागितली. ब्रीजेटबाई म्हणाल्या की क्लबाच्या नावाने ते बरं दिसणार नाही, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या जाकिटाच्या खिशात काही तरी जड होतं. हॉलमधलं सामान तेवढंच होतं, एक पावही वाढला नव्हता. तरी दार उघडणाऱ्या माणसांचे चेहरे बदलले. आधी ते खोक्याकडे बघायचे, आता माझ्याकडे बघून बोलायचे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हे एकदाही करून पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात दोनाचे पाच किलोमीटर झाले, आणि सत्तरीच्या वरच्यांनाही फिरायला जायची मुभा मिळाली. हालिना पहिल्या दिवशी फाटकापर्यंतच आली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यापर्यंत. आठवडाभराने ती, नलिनी आणि मी, अंतर राखून, गावामागच्या चढावर गेलो. तिथे काट्यांच्या झुडपांना पिवळीधमक फुलं आलेली असतात. त्यांना खोबऱ्यासारखा वास येतो. खाली स्विली नदी समुद्राला मिळते तिथला चिखल चमकत होता, आणि कोणाच्या तरी धुराड्यातून जळणाऱ्या पीटचा, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या मातीचा, गोडसर धूर येत होता. नलिनी म्हणाली, गोवऱ्यांसारखाच वास हाय.

हालिनाने एक दिवस भिंतीवर ताट ठेवलं. बटाटा आणि चीज भरून उकडलेल्या, वर परतलेला कांदा घातलेल्या करंज्या. त्यांना ती पिएरोगी म्हणते. नलिनीने त्यांची मुरड नीट पाहिली आणि आपली मुरड जास्त बारीक येते असं मला मराठीत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने पुरणाच्या करंज्या त्याच भिंतीवर ठेवल्या. महिनाभर ते चाललं. हालिनाचा स्वेटर पुन्हा अंगाला बसायला लागला.

सगळी काउंटी

जूनमध्ये आपल्या काउंटीत कुठेही जायची परवानगी मिळाली. मुक्ताला रविवारी सुट्टी होती. काचा खाली करून, मास्क लावून, आम्ही चौघं रॅथमलनला निघालो. समुद्राचा एक लांब हात तिथे जमिनीत शिरलाय आणि त्याच्या काठाला पांढरी वाळू आहे. हालिना मागच्या सीटवर बसून प्रत्येक वळणावर काही तरी पोलिशमध्ये पुटपुटत होती. मुक्ताने विचारलं तेव्हा म्हणाली, काही नाही, झाडांची नावं घेतेय.

वाटेत रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याने लाकडी टपरी मांडली होती. नवे बटाटे, स्ट्रॉबेऱ्या, मध, अंडी, तीन-चार तऱ्हेचे घरचे जॅम. हालिनाने गाडी थांबवायला सांगितली. ती उतरली आणि त्या टपरीसमोर जी उभी राहिली ती हलेना. मार्चनंतर पहिल्यांदा ती काही तरी स्वतः जाऊन निवडत होती. एकेक बटाटा तिने दाखवायला लावला. हा नको, तो मोठा नको, तो त्याच्या बाजूचा द्या. स्ट्रॉबेऱ्यांच्या प्रत्येक डब्याचा वास मास्कमधूनच घ्यायचा प्रयत्न केला. जॅमच्या बाटल्या उन्हात धरून पाहिल्या. मागे दोन गाड्या येऊन थांबल्या. मला सवयीने वाटलं की हिला म्हणावं, आटपा आता, लोक खोळंबलेत. मी काही म्हटलं नाही. टपरीवालाही म्हणाला नाही. मागच्या गाडीतला माणूस उतरला आणि बॉनेटला टेकून ऊन खात उभा राहिला.

सरतेशेवटी तिचं झालं. अर्धी पिशवी बटाटे आणि आलुबुखाराच्या जॅमची एक बाटली. मग टपरीवाला माझ्याकडे वळला. लालबुंद चेहऱ्याचा, माझ्याच वयाचा माणूस. त्याने विचारलं, "आणि तुम्हाला काय आवडतं?"

मी नलिनीकडे पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली. घरात काय आणायचं, कोणतं आणायचं, हे मी तिच्याकडेच पाहून ठरवत आलोय. कचेरीत मी तालुक्याचं ठरवत होतो आणि घरी पिशवीत येईल ते खात होतो.

"मले काय इचारता?" नलिनी म्हणाली. "तो तुमाले इचारून राह्यला."

मुक्ता हसत होती. हालिना बटाट्यांची पिशवी छातीशी धरून माझ्याकडे बघत होती, आणि तिला घाई नव्हती. मी टपरीजवळ गेलो. बटाटे पाहिले, अंडी पाहिली, मधाच्या बाटल्या पाहिल्या. एकात दाणे धरलेला पांढरट मध होता, दुसऱ्यात गडद, जवळजवळ काळा. हा कसला, असं मी विचारलं. तो म्हणाला, डोंगरावरच्या जांभळ्या फुलांचा, हेदरचा, जरा कडवट लागतो, सगळ्यांना आवडत नाही. त्याने लाकडी काडीच्या टोकावर थोडासा दिला. मी मास्क खाली घेतला आणि चाखला. आधी कडू लागला आणि मग बऱ्याच वेळाने, घशाशी, गोड.

"हा," मी म्हटलं. "मला हा आवडला."